दिवसभर सगळ्यांचं करते, तरी रात्री रिकामं का वाटतं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा:

"मला पाच वर्षांची मुलगी आणि दहा महिन्यांचा मुलगा आहे. धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली. दिवसभर कुणाचं ना कुणाचं काहीतरी चालूच असतं. रात्री पाठ टेकली की वाटतं, आज आपण काय केलं? काहीच नाही. मुलीवर ओरडते आणि ती झोपली की तिच्याकडे बघून रडते. सगळे म्हणतात, आईपणासारखं सुख नाही. मग मला ते का लाभत नाही? कुठेतरी वाचलं की रोज छोटी छोटी चांगली कृत्यं केली की आयुष्याला अर्थ येतो. मी सकाळपासून रात्रीपर्यंत तेच तर करतेय. अजून किती करायचं?"

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात राग आहे आणि तो रास्त आहे. गेली बावीस वर्षं मी लहान मुलांच्या आयांबरोबर समुपदेशनाचं काम करते. "अजून किती करायचं" हे वाक्य वेगवेगळ्या आवाजांत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी पहिल्या भेटीत ते म्हटलं नाही तर मीच विचारते.

पण अर्थाबिर्थाचं नंतर बघू. आधी शरीराचं.

बाळंतपणानंतरचे पहिले काही दिवस उगीचच डोळे भरून येतात, हे बहुतेकींचं होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. ते त्यापुढेही टिकलं, किंवा काही महिन्यांनी नव्याने सुरू झालं, तर तो निव्वळ थकवा नसतो. प्रसूतीनंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही डोकं वर काढू शकतं. तुमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, म्हणजे तुम्ही अजून त्या काळातच आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार नुकत्याच बाळंत झालेल्या जवळपास १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजाराचा, मुख्यतः नैराश्याचा, त्रास होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे पाचांतली एक. त्या पाचवीला बहुतेक वेळा "सगळ्याच बायकांना होतं हे" एवढंच ऐकायला मिळतं.

यासाठी १९८७ पासून वापरात असलेली एक प्रश्नावली आहे, एडिंबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल. प्रश्न दहाच, मागच्या सात दिवसांबद्दलचे. भरायला पाच मिनिटं पुरतात. डॉक्टर किंवा समुपदेशक ती भरून घेतील. निदान त्या कागदावरून होत नाही, पुढे तपासायचं की नाही एवढं कळतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं तुमचं उत्तर "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा, घरातल्या एका माणसाला सांगा आणि आजच डॉक्टरांना भेटा. तसं नसलं तरी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्याच. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड बिघडण्याचं प्रमाण बऱ्यापैकी असतं आणि त्याची लक्षणं हुबेहूब "मला काही करावंसंच वाटत नाही" अशी दिसतात.

हे इतकं ताणून सांगण्यामागे माझी स्वतःची चूक आहे. सुरुवातीच्या काळात एक आई माझ्याकडे तीन महिने येत होती. आम्ही जगण्याच्या हेतूबद्दल अगदी सुंदर बोलत होतो. चौथ्या महिन्यात तिने दुसऱ्याच कुठल्या कारणाने रक्त तपासलं आणि थायरॉइड सापडलं. औषधाने ती सहा-सात आठवड्यांत माणसांत आली. माझ्या त्या सुंदर बोलण्याचा तिला काय उपयोग झाला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

तर हे आधी. आता सुखाबद्दल.

"आईपणासारखं सुख नाही" या वाक्याने जितक्या आयांना अपराधी वाटायला लावलंय तितकं क्वचितच दुसऱ्या कशाने लावलं असेल. २००४ मध्ये डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना एक साधं काम दिलं: कालचा दिवस तुकड्या-तुकड्यांनी आठवा आणि प्रत्येक तुकड्यात कसं वाटत होतं ते लिहा. मुलांचं करण्याचा वेळ आनंदाच्या यादीत बराच खाली आला. स्वयंपाकाच्या खाली, टीव्हीच्या खाली, दुपारच्या डुलकीच्याही खाली. त्यावर बराच गहजब झाला, की आया मुलांवर प्रेम करत नाहीत की काय. मला त्यात धक्का बसण्यासारखं काही दिसलं नाही. चौथ्यांदा ओले कपडे बदलताना आनंद होत नाही, एवढंच त्या बायकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

पुढे २००९ मध्ये मॅथ्यू व्हाइट आणि पॉल डोलन यांनी असाच अभ्यास केला, पण प्रश्न दोन विचारले. हे करताना मजा आली का? आणि हे करणं मोलाचं वाटलं का? मुलांबरोबरचा वेळ मजेच्या मानाने मोलात वरचढ ठरला. टीव्हीचं नेमकं उलट झालं. माझ्या मते तुमच्या निम्म्या दुःखाचं मूळ या दोन प्रश्नांच्या सरमिसळीत आहे. तुम्ही मोलाच्या वेळात मजा शोधताय, ती सापडत नाही, आणि त्यावरून ठरवताय की आपल्यातच काहीतरी कमी आहे. मजा वेगळी मिळवावी लागते. त्यासाठी मुलांपासून लांब, तुमच्या स्वतःच्या आवडीचा वेळ लागतो आणि तो मागताना लाजायचं काही कारण नाही. मुलांनी तुम्हाला मजा पुरवावी अशी अपेक्षा ठेवली तर ती बिचारी कमी पडणार. पाच वर्षांच्या पोरीवर हे ओझं नको.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते. चांगुलपणाने अर्थ येतो म्हणतात, मी तर दिवसभर तेच करतेय, मग अर्थ कुठाय?

मला आधी या शब्दाशीच थोडं भांडायचंय. असल्या लेखांमध्ये "दयाळूपणा" हा शब्द सर्रास असतो. पण घरात कुणी कुणावर दया करतं का? दयेत एक जण वर असतो आणि एक खाली. घरात आपण म्हणतो माया. माया करतात, लावतात, ती पातळ होते, आटतेही. आणि माया म्हणजे काम नव्हे, हे भाषेला ठाऊक आहे. कामासाठी आपल्याकडे दुसरे शब्द आहेत: राबणं, उरकणं, निस्तरणं, आणि अगदी नको झालं की पाट्या टाकणं.

तुम्ही दिवसभर जे करताय त्यातलं बरंचसं उरकणं आहे. यात तुमचा दोष नाही. दोन लहान मुलांच्या घरात उरकल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही. पण उरकलेल्या कामातून अर्थ झिरपत नाही, कारण उरकताना आपण तिथे नसतोच. मुलीची बटणं लावताना डोकं बाळाच्या अंघोळीकडे, बाळाला पुसताना डोकं स्वयंपाकघराकडे. हात एकीकडे, जीव तिसरीकडेच. रात्री आठवायला बसलं की दिवस सापडत नाही, कारण त्या दिवसात आपण कुठल्याच क्षणी पुरत्या हजर नव्हतो. "आज काय केलं? काहीच नाही" हे तुमचं वाक्य मला खोटं वाटत नाही. केलं खूप, पण साठलं काही नाही.

म्हणून "अजून किती करायचं" याचं माझं उत्तर आहे, एकही काम वाढवायचं नाही. जी करताय त्यातली दिवसात दोन-तीन निवडायची आणि तेवढी न उरकता करायची. बाकीची खुशाल उरका, पाट्या टाका. सगळं जीव ओतून करायचं असा उपदेश कुणी केला तर त्याच्या हातात बाळ देऊन बाहेर जाऊन या.

एका आईने माझ्याकडे येऊन यासाठी बुटाच्या नाड्या निवडल्या होत्या. मुलगा सहा वर्षांचा, हळू. रोज सकाळी दारात तीच ओढाताण: "आण इकडे, मी बांधते." तिने ठरवलं, आठवड्यातले दोन दिवस नाड्यांच्या वेळी आपण खाली बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि तो बांधेल तोवर बघायचं. त्यासाठी दहा मिनिटं लवकर निघायचं. तिसऱ्या आठवड्यात तिने मला सांगितलं की तो नाडीचा फास करताना जीभ बाहेर काढतो, हे तिला सहा वर्षांत माहीत नव्हतं. एवढंच. तिचं आयुष्य बदललं वगैरे नाही. पण त्या दिवसापुरतं तिला रात्री आठवायला काहीतरी होतं.

आता ओरडण्याबद्दल. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत दुखरी जागा तीच दिसते.

एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवून बसते, हसत नाही की बोलत नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं आणि शेवटी मान फिरवून रडायला लागतं. त्याच्या चित्रफिती बघवत नाहीत. लोकांना एवढंच आठवतं आणि ते घाबरतात. पण प्रयोगाला पुढचा भागही आहे. आई परत हसते, बोलते, आणि बाळ, थोडं रुसून का होईना, परत जुळवून घेतं. ट्रॉनिक यांचं पुढचं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळं ठीक असलेल्या आई-बाळांमध्येसुद्धा दोघांचे सूर जुळलेले असण्याचा वेळ साधारण ३० टक्केच असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि परत जुळणं यात जातो. बाळाला हवं असतं कडेवर आणि आई बसवते खाली. असं सतत चालतं. मूल शिकतं ते या परत जुळण्यातून: तुटलं तरी सांधता येतं.

डोनाल्ड विनिकॉट यांनीही हेच वेगळ्या बाजूने सांगितलं. ते बालरोगतज्ज्ञ, नंतर मनोविश्लेषक झाले, आणि लंडनच्या एका मुलांच्या रुग्णालयात चाळीस वर्षं होते. "पुरेशी चांगली आई" ही त्यांची कल्पना १९५३ च्या त्यांच्या एका लेखात आहे. ती बहुतेक वेळा "चालतंय की" अशा सैल अर्थाने सांगितली जाते. त्यांचं म्हणणं जास्त नेमकं होतं. आई सुरुवातीला बाळाच्या गरजांशी जवळपास पूर्ण जुळवून घेते आणि मग मुलाची सहन करण्याची ताकद वाढेल तशी थोडी थोडी कमी पडत जाते. ते कमी पडणं मुलाच्या वाढीला लागतं. जी आई कधीच कमी पडत नाही तिचं मूल जगाला सामोरं जायला शिकणार कसं?

तरी म्हणून ओरडणं चालतं असं नाही. ओरडल्यानंतर काय होतं, याला फार किंमत आहे, एवढं मला म्हणायचंय. तुम्ही काय करता? मुलगी झोपली की तिच्याकडे बघून रडता. म्हणजे सांधण्याचं काम तुम्ही करताय, पण जिच्याशी सांधायचं ती झोपलेली आहे! तिच्या हिशेबात दिवस ओरडण्यावर संपला. तुमचं रडणं तिला पोचलंच नाही.

हे जागेपणी करा. फार मोठं करायचं नसतं. तिच्या उंचीला खाली बसा आणि जे घडलं ते तिला कळेल अशा शब्दांत सांगा: "मघाशी मी जोरात ओरडले. तू घाबरलीस ना? चूक माझी होती. मी दमले होते, पण त्यासाठी तुझ्यावर ओरडायचं नव्हतं." इथे थांबा. "पण तू पण ऐकत नाहीस ना" हे वाक्य तोंडावर येईल, ते गिळा. "पण" आलं की माफी संपली आणि वकिली सुरू झाली. तिने ऐकायला हवं होतं हे बोलायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी, वेगळं बोला. आणखी एक जपायचं: माफी मागताना आपण रडत सुटायचं नाही. डोळे भरले तर भरू देत, पण तिला तुमची समजूत काढावी लागेल अशी वेळ आली तर भूमिका उलट्या होतात. पाच वर्षांची मुलं अशा वेळी चटकन मोठी होतात आणि आपल्याला ते गोड वाटतं. ते गोड नसतं.

मी स्वतः माझ्या मुलाची अशी पहिली माफी मागितली तेव्हा तो सात वर्षांचा होता. मुलांच्या मनाबद्दल इतरांना शिकवायला लागून मला चांगली पाच-सहा वर्षं झाली होती. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता मी जाऊ खेळायला?" मी जन्मभर लक्षात राहील असं काहीतरी होईल या तयारीत होते. झालं एवढंच. नंतर काही महिन्यांनी त्याने मित्राचं खेळणं मोडलं आणि कुणी न सांगता जाऊन सांगून आला. माझ्या माफीमुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मुलं कुठून काय उचलतात त्याचा हिशेब लागत नाही.

हे झालं देण्याचं. घेण्याचं काय?

तुमच्या पत्रात तुम्ही सगळ्यांना देताय. घेतल्याचा उल्लेख अख्ख्या पत्रात एकदाच आहे, तोही कंसात. परवा दुपारी बाळाला घेऊन तुम्ही जमिनीवरच झोपून गेलात आणि जाग आली तेव्हा मुलीने तुमच्या पायांवर तिचं छोटं पांघरूण घातलेलं होतं. हे तुम्ही कंसात लिहिलंत आणि कंस मिटल्यावर लगेच पुढचं वाक्य कामांच्या यादीचं आहे.

मुलांमध्ये दुसऱ्यासाठी करण्याची ऊर्मी फार लवकर येते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ मुलांबरोबर प्रयोग केले. अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही. किंवा दोन्ही हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, बक्षीस नाही, शाबासकी नाही, आणि बऱ्याचदा माणसाने मदत मागायच्याही आधी. याच दोघांनी २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलेली मुलं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. घरात याचा अर्थ सरळ आहे. चांगलं वागण्याचे तक्ते, चांदण्या, गुण, हे निदान या बाबतीत तरी भिंतीवरून काढून टाका. तिने पांघरूण घातलं तर "शहाणी माझी, हे घे" नको. "माझे पाय गार पडले होते. पांघरूण घातलंस म्हणून मला छान झोप लागली." तिच्या कृतीने तुमचं काय झालं ते तिला सांगा. तेवढं पुरतं.

आणि तिला मदत करू द्या. पाच वर्षांच्या मुलीची मदत म्हणजे दुप्पट काम, हे मी जाणते. कपड्यांच्या घड्या तिने घातल्या की त्या परत घालाव्या लागतात. मग परत घाला, पण ती झोपल्यावर. आपल्या सोयीसाठी दोन-तीन वर्षांच्या मुलांना आपण "तू राहू दे, मध्ये मध्ये करू नकोस" म्हणतो आणि तीच मुलं बारा वर्षांची झाली की "घरात काडी इकडची तिकडे करत नाही" म्हणून रडत बसतो. हे माझ्याही घरात झालं, म्हणून अधिकाराने सांगते.

आता एक नाजूक गोष्ट. चांगुलपणाच्या गप्पांमागे अन्याय फार सहज लपतो. आई मायाळू असते, तिला सगळ्यांचं करायला आवडतं, ती कधी कुरकुर करत नाही, या कौतुकाच्या आडून रांधा, वाढा, उष्टी काढा हे तिच्या गळ्यात कायमचं पडतं. तुमच्या पत्रात नवऱ्याबद्दल एकच वाक्य आहे: "ते सांगितलं की मदत करतात." सांगितलं की. त्या दोन शब्दांवर एका समाजशास्त्रज्ञ बाईंनी अख्खा अभ्यास केलाय. ॲलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींतून घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे मांडले: काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग ते नीट पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेत होती. आधी ओळखणं आणि शेवटी लक्ष ठेवणं, ही दोन टोकं मात्र प्रामुख्याने बायकांकडे होती. ती टोकं दिसत नाहीत, म्हणून त्यांचं श्रेय नाही आणि त्यांना सुट्टीही नाही.

यावर उपाय म्हणून मी "कामं वाटून घ्या" असं सांगत नाही, कारण मग वाटण्याचं कामसुद्धा तुमच्याच गळ्यात पडतं. एक आख्खं काम सोडून द्या, शेंडीपासून टाचेपर्यंत. उदाहरणार्थ बाळाचं लसीकरण आणि डॉक्टर. कधी आहे हे लक्षात ठेवणं, वेळ घेणं, नेणं, रात्री ताप आला तर बघणं, पुढची तारीख टिपून ठेवणं, सगळं त्यांचं. तुम्ही आठवण करायची नाही. एखादी तारीख दोन दिवस पुढे गेली तर जाऊ द्या, बाळाचं काही बिघडत नाही. त्यांनी तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने केलं तर टोकायचं नाही. हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जड जाईल, माझा अनुभव तरी असाच आहे. आणि सासूबाई काही म्हणाल्या तर त्यांना शांतपणे "ते बघतात ते" एवढंच सांगा. रोज तेच, त्याच आवाजात. पहिले काही आठवडे घरात थोडी कुजबुज होईल.

बोलणं सुरू करायला त्रागा उपयोगी पडत नाही. त्राग्यात समोरचा माणूस फक्त त्रागा ऐकतो. दोघंही शांत असताना, मुलं झोपल्यावर, तुमच्या डोक्यात आज दिवसभर काय काय चालू होतं ते एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. आरोप नको, नुसती यादी. मी पाहिलेल्या बऱ्याच नवऱ्यांना ती यादी खरोखर नवी होती. काहींना नव्हती, त्यांनी कळूनही काणाडोळा केलेला होता. तुमचे यातले कुठले, ते तुम्हालाच कळेल.

राहिलं तुमचं स्वतःचं. नोकरी सोडली हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, पण बाळ झालं म्हणजे माणूस तोच राहून एक जबाबदारी वाढली, असं होत नाही. आतली बाईच बदलत असते. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये या बदलाला एक वेगळं नावच दिलं, वयात येण्याच्या शब्दाच्या धर्तीवर. मराठीत आपण त्याला आईपणात येणं म्हणूया. वयात येणाऱ्या मुलीची चिडचिड, रडू, आपण कोण हा गोंधळ हे सगळं आपण समजून घेतो, निदान आता घ्यायला लागलोय. आईपणात येणाऱ्या बाईला ते सगळं कुणाला न दिसेल असं करावं लागतं. तुमची आधीची ओळख, कामाची सवय, चार लोकांत तुमच्या नावाला असलेली किंमत, हे गेल्याचं दुःख करायचा तुम्हाला हक्क आहे. त्याने मुलांवरचं प्रेम कमी होत नाही.

रात्रीसाठी एक छोटा प्रयोग सांगते. जपानमध्ये २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही विद्यार्थिनींना आठवडाभर फक्त एवढंच करायला सांगितलं: आज आपण दुसऱ्यासाठी काय केलं ते मोजा. जास्त करा असं कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्याअखेर त्यांचं समाधान वाढलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, विद्यार्थिनींवरचा होता, त्यावर फार मोठा इमला बांधायला नको. पण मी तो आयांबरोबर थोडा बदलून वापरते: दोन ओळी लिहायच्या. एक, आज मी न उरकता केलेलं काय? दोन, आज माझ्यासाठी कुणी काय केलं? दुसरी ओळ पहिल्या आठवड्यात बहुतेकींना सुचत नाही. सुचली नाही तर कोरी सोडा, ओढूनताणून भरू नका. काही दिवशी ती खरोखरच कोरी असते, आणि तेही दिसायला हवं. सलग दहा-बारा दिवस कोरी राहिली तर ती वही नवऱ्याला दाखवा. वर सांगितलेल्या कागदापेक्षा ती जास्त बोलते.

परवाच्या दिवसाची दुसरी ओळ मात्र तुमच्याकडे तयार आहे, फक्त कंस काढायचाय. आणि मुलीला विचारून बघा, पांघरूण घालायचं तिला कसं सुचलं ते. या वयाची मुलं अशा प्रश्नांना भलतंच काहीतरी उत्तर देतात, कधी "माहीत नाही" म्हणून पळतातही. काय म्हणाली ते मला जरूर कळवा.

पण त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते, आणि बाळाला तेवढा वेळ कोण बघणार, हे ठरवायचं काम नवऱ्याकडे द्या.